झरा, तुरुंग आणि आमचा तंबू

तंबूत झोपण्याची मजा काही औरच, असं जे सांगत फिरतात ना, त्यांनी बहुधा नोव्हेंबर महिन्यातली रात्र तंबूत काढलेली नसावी! मी काढली. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, त्यावर स्लीपिंग बॅग आणि तरीही पहाटे तीन वाजता माझे दात एकमेकांशी भांडत होते. शेजारी माझा धाकटा भाचा. मला वाटलं, गाढ झोपला असेल. तेवढ्यात अंधारातून आवाज आला,

"मामा, त्या लोकांकडे स्लीपिंग बॅग होत्या?"

"कुठल्या लोकांकडे?"

"अरे, ते दहा हजार."

आता हे दहा हजार कोण, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. दीडशे वर्षांहून अधिक मागे. पण त्याआधी आम्ही तिथे पोचलो कसे, ते सांगतो.

माझी ताई राहते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराजवळ. ताई, दाजी, भाची नववीत आणि भाचा पाचवीत. मी त्यांच्याकडे गेलो, तर दोघांनी आधीच ठरवून टाकलेलं की मामाला 'कॅम्पिंग'ला न्यायचं. जागा होती मॅग्नोलिया स्प्रिंग्ज स्टेट पार्क. अटलांटाहून मोटारीनं तीनेक तास आग्नेयेला गेलं की मिलन नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथून आठ किलोमीटरवर हे राज्य उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे झोपाळे आणि घसरगुंडी आली असेल, तर ती पुसून टाका. हे आहे उंच उंच पाइनचं जंगल, तळं आणि मधोमध एक झरा. १९३९ सालापासून ते लोकांसाठी खुलं आहे.

तिथली तंबूंची व्यवस्था बघून मी थक्कच झालो. आपल्याकडे ट्रेकला गेलं की जिथे सपाट जागा मिळेल तिथे पथारी पसरायची. इथे प्रत्येक जागेला नंबर! ती आधीच राखून ठेवायची. जागेवर लाकडी टेबल, बाक, शेकोटीसाठी लोखंडी कडं, पाण्याचा नळ आणि चक्क विजेचा खांब. "ह्याला कॅम्पिंग म्हणायचं?" असं मी म्हणालो खरा, पण रात्री त्याच नळाचे नि खांबाचे मनोमन आभार मानले.

दोन नियम मात्र आवडले. एक म्हणजे लांबून लाकडं न्यायची नाहीत, तिथलीच घ्यायची. कारण लाकडात दडलेले किडे आणि त्यांची अंडी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात आणि झाडांचा सत्यानाश करतात. दुसरा म्हणजे रात्री खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही, सगळं मोटारीत बंद. तिथे रॅकून नावाचा प्राणी असतो. डोळ्यांवर काळा पट्टा, अगदी नाटकातल्या चोरासारखा, आणि धंदाही तोच! त्याला डब्याची झाकणंही उघडता येतात. ताईनं आणलेली पोळी-भाजी, कांदेपोहे आणि बेसनाचे लाडू डिकीत कुलूपबंद झाले.

तंबू ठोकून झाला आणि आम्ही झरा बघायला निघालो.

मी झरा म्हणजे दगडातून झुळझुळ येणारी पाण्याची धार समजत होतो. इथे तसलं काहीच नाही. लाकडी पुलासारखी एक पायवाट पाण्यावर बांधलेली आहे. तिच्यावर उभं राहून खाली बघायचं. पाणी निळसर हिरवं आणि इतकं नितळ, की तळाशी पडलेलं पानसुद्धा स्पष्ट दिसतं. आणि तळातून पाणी वर येत असतं, शांतपणे, उमाळ्या उमाळ्यांनी. आपण विहिरीला 'जिवंत झरे' आहेत म्हणतो ना, तसलेच. पण किती मोठे! या झऱ्यातून दिवसाला अंदाजे सत्तर लाख गॅलन पाणी येतं. म्हणजे जवळजवळ दोन कोटी साठ लाख लिटर. भाचीनं लगेच गणित घातलं : दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर रोजचे अडीच हजारांहून जास्त टँकर! आणि हे कुणी पंप न लावता, बरं का.

हे पाणी येतं कुठून? जॉर्जियाच्या या भागात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. लिंबाच्या रसाइतकं नाही, अगदी किंचित. पण हजारो वर्षं असं पाणी मुरत राहिलं की चुनखडी विरघळत जाते, तिच्यात भेगा, नळ्या आणि पोकळ्या तयार होतात. लांब कुठेतरी उंचावर पडलेला पाऊस या नळ्यांतून वाहत येतो आणि जमिनीला तोंड सापडलं की वरच्या पाण्याच्या दाबानं इथे उसळतो. जमिनीच्या पोटातून आल्यामुळे तो वर्षभर जवळपास एकाच तापमानाचा असतो. म्हणून उन्हाळ्यात गार लागतो आणि थंडीत कोमट.

धाकट्याला अर्थात पोहायचं होतं. तेवढ्यात पलीकडच्या काठावर पडलेला एक काळपट ओंडका हलला. ओंडका कसला, ॲलिगेटर होता! आपल्या मगरीचा चुलतभाऊ. पाच-सहा कासवं त्याच्यापासून हातभर अंतरावर निवांत ऊन खात बसली होती. पोहण्याचा विषय तिथेच संपला.

परतताना दाजी म्हणाले, "चला, टेकडीवर जाऊ." टेकडी म्हणजे उंचवटाच. वर झाडांत मातीचे लांबट बांध दिसत होते, गवतानं झाकलेले. मला वाटलं, शेताचे जुने बांध असतील. पण ते होते तोफांसाठी रचलेले बुरूज. आणि त्या तोफांची तोंडं बाहेरच्या शत्रूकडे नव्हती. ती खाली, झऱ्याच्या ओढ्याकडे होती. कारण १८६४ साली त्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर एक तुरुंग होता. त्याचं नाव कॅम्प लॉटन.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. दक्षिणेतल्या राज्यांत आफ्रिकी वंशाच्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेतलं, विकलं जात होतं. युद्धाआधी असे सुमारे चाळीस लाख गुलाम होते. ही पद्धत टिकवण्यासाठी अकरा राज्यं फुटून निघाली आणि उत्तरेच्या सरकारशी लढली. उत्तरेचे राष्ट्राध्यक्ष होते अब्राहम लिंकन.

सुरुवातीला दोन्ही बाजू पकडलेल्या सैनिकांची अदलाबदल करत. तुमचे शंभर घ्या, आमचे शंभर द्या. पुढे उत्तरेच्या सैन्यात काळे सैनिकही भरती झाले. दक्षिणेनं सांगितलं, यांना आम्ही युद्धकैदी मानणार नाही. त्यावर १८६३ मध्ये उत्तरेनं अदलाबदल थांबवली. आणि मग तुरुंग भरत गेले, भरत गेले.

जॉर्जियातच अँडरसनव्हिल नावाचा एक तुरुंग होता. नाव लक्षात ठेवा, कारण आपल्या झऱ्याची गोष्ट तिथूनच सुरू होते. छप्पर नाही, खोल्या नाहीत. नुसती ओंडक्यांची तटबंदी आणि आत उघडं मैदान. दहा हजार माणसांसाठी बांधलेला तुरुंग, पण १८६४ च्या ऑगस्टमध्ये त्यात जवळपास तेहतीस हजार कैदी होते. जागा वाटून दिली असती तर एकेकाच्या वाट्याला दोन खाटांएवढीही आली नसती. मधून एकच लहानसा ओढा वाहायचा. तटबंदीच्या वरच्या अंगाला पहारेकऱ्यांची छावणी आणि मुदपाकखाना. त्यांची सगळी घाण ओढ्यातून आत यायची, आणि आत हजारो माणसं तेच पाणी प्यायची, त्यातच अंघोळ करायची, त्याच्याच काठी शौचाला बसायची. चौदा महिन्यांत तिथे सुमारे पंचेचाळीस हजार कैदी आले आणि त्यांतले जवळजवळ तेरा हजार मेले. गोळी लागून नव्हे. बहुतेक जण जुलाबानं, हगवणीनं, स्कर्व्हीनं आणि उपासमारीनं.

आणि आणखी एक गोष्ट. तटबंदीच्या आत थोड्या अंतरावर एक बुटका कठडा असे. तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. त्याला म्हणत 'डेड लाइन'. आज बाबा ऑफिसात जी 'डेडलाइन' गाठायला धावपळ करतात, त्या शब्दाचा जन्म या तुरुंगांमधला आहे!

अँडरसनव्हिलवरचा भार कमी करायचा म्हणून जनरल विंडर हे दक्षिणेचे अधिकारी नवी जागा शोधत होते. त्यांनी हा झरा पाहिला. भरपूर पाणी, स्वच्छ पाणी, भोवती लाकूड आणि जवळच मिलनचं रेल्वे जंक्शन. आणखी काय हवं? बेचाळीस एकरांची तटबंदी उभी राहिली. ती उभारायला कुणाला जुंपलं, माहीत आहे? गुलामांना. ज्यांना बंधनात ठेवण्यासाठी हे युद्ध चाललं होतं, त्यांनाच त्यांच्या सुटकेसाठी लढणाऱ्यांचा तुरुंग बांधावा लागला. हे ऐकून भाची बराच वेळ काही बोलली नाही.

ऑक्टोबर १८६४ मध्ये आगगाडीच्या डब्यांत कोंबलेले कैदी इथे येऊ लागले. अँडरसनव्हिलचा अनुभव घेतलेल्यांना हा ओढा बघून स्वर्गात आल्यासारखं वाटलं असेल! इथे पाण्याची शिस्तही होती. ओढ्याच्या वरच्या टोकाला प्यायचं पाणी, त्याखाली अंघोळ आणि अगदी शेवटी शौचाची जागा. इतकी साधी गोष्ट! पण ही साधी गोष्ट अँडरसनव्हिलला जमली नव्हती.

मग इथले कैदी सुखरूप राहिले का? नाही. मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावलं ते इथेच. पाणी चांगलं होतं, पण डोक्यावर छप्पर नव्हतं. तटबंदीचं काम करून उरलेल्या फांद्या आणि ओंडके गोळा करून कैद्यांनी खोपटी बांधली. ज्यांना लाकूड मिळालं नाही, त्यांनी जमिनीत खड्डे करून त्यात आडोसा घेतला. अंगावरचे कपडे मागच्या तुरुंगातच फाटून गेलेले. बरेच जण आधीच आजारी, हिरड्या सुजलेल्या, पाय लटपटणारे. मक्याचं पीठ आणि थोडंसं मांस, तेही पोटभर नाही. नोव्हेंबर उजाडला तशी थंडी आली. ८ नोव्हेंबरला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या अहवालात आकडे आहेत : आलेले कैदी दहा हजार दोनशेंहून अधिक, मेलेले ४८६. तुरुंग सुरू होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

त्याच दिवशी उत्तरेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. इथल्या कैद्यांनीही तुरुंगात लुटुपुटीची निवडणूक घेतली! पहारेकऱ्यांना आशा होती की इतके हाल झालेली माणसं लिंकनच्या विरोधात जातील. लिंकननं यांची सुटका केली नव्हती ना! पण मोजणी झाली तेव्हा लिंकनच जिंकले.

पुढे काय झालं? १५ नोव्हेंबरला उत्तरेचे जनरल शर्मन साठ हजार सैन्य घेऊन अटलांटाहून समुद्राकडे निघाले. वाट याच बाजूनं जात होती. बातमी कळताच नोव्हेंबरच्या अखेरीला घाईघाईनं सगळे कैदी पुन्हा आगगाडीत कोंबून दुसरीकडे हलवले. शर्मनचे घोडेस्वार पोचले तेव्हा तटबंदीच्या आत रिकामी खोपटी आणि बाहेर थडगी, एवढंच शिल्लक होतं. सैनिकांनी संतापून मिलनचं स्टेशन जाळलं. युद्धानंतर इथले मृतदेह साउथ कॅरोलायना राज्यातल्या ब्यूफर्टच्या राष्ट्रीय दफनभूमीत नेले. तटबंदी मोडली, जंगल वाढलं आणि लोक विसरले. जेमतेम सहा आठवडे चाललेला तुरुंग कोण लक्षात ठेवणार?

हे सगळं दाजींनी शेकोटीपाशी सांगितलं, बटाटे निखाऱ्यात भाजता भाजता. पारा उतरत होता. लाडू संपले होते. मग आम्ही तंबूत शिरलो आणि पहाटे तीनला धाकट्यानं तो प्रश्न विचारला.

"नाही रे," मी म्हटलं, "स्लीपिंग बॅग नव्हत्या. बहुतेकांकडे धड ब्लँकेटही नव्हतं."

"मग ते काय करायचे?"

"एकमेकांना चिकटून झोपायचे. एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग स्लीपिंग बॅगसकट सरपटत माझ्याजवळ आला. खरं सांगू? मलाही जरा ऊब आली. सकाळी बघितलं तर ताईची बॅगही आमच्याकडे सरकलेली होती.

सकाळी पोहे खाऊन आम्ही उद्यानातलं छोटं संग्रहालय पाहायला गेलो. तिथे विसरलेला तुरुंग परत कसा सापडला त्याची गोष्ट आहे. जॉर्जिया सदर्न विद्यापीठातले विद्यार्थी आणि शिक्षक इथे तटबंदी शोधत होते. ओंडके केव्हाच कुजून गेले होते. पण गंमत अशी, की लाकूड कुजलं तरी त्या जागी मातीचा रंग बदललेला राहतो. हळूहळू माती खरवडत गेलं की खांबांच्या जागी काळपट डाग दिसतात. शोधता शोधता शेजारच्या सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या जमिनीत कैद्यांच्या वस्तूच हाती लागल्या. २०१० मध्ये ही बातमी जाहीर झाली.

वस्तू कसल्या, ते ऐका. मोठ्या आकाराची जुनी तांब्याची नाणी. एक बकल, जखमेतून रक्त वाहायचं थांबवण्यासाठी बांधतात त्या पट्ट्याचं. दातांच्या खुणा उमटलेला, दुरुस्त करून वापरलेला तंबाखूचा पाइप. आणि मिशिगन राज्यातल्या नाइल्स गावच्या एका किराणा दुकानाचं टोकन! कुणीतरी तो बिल्ला पार उत्तरेतून खिशात घालून इथपर्यंत आणला. इथे त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, तरी जपून ठेवला. भाची त्या काचेच्या पेटीसमोरून हलेचना.

संशोधकांना मदत झाली ती रॉबर्ट स्नेडन नावाच्या एका कैद्याची. हा उत्तरेच्या सैन्यात नकाशे काढायचा. अँडरसनव्हिलला होता, मग इथे आला. तुरुंगात त्यानं चोरून टाचणं काढली आणि सुटल्यावर त्यांवरून रंगीत चित्रं आणि नकाशे केले. १९१८ मध्ये तो वारला. चित्रं मात्र कितीतरी वर्षं एका बँकेच्या तिजोरीत पडून होती. १९९० नंतरच्या दशकात ती उजेडात आली. कॅम्प लॉटनची तटबंदी, ओढा, खोपटी, सगळं त्यांत आहे.

संग्रहालयातून बाहेर पडलो आणि पायवाटेच्या कडेला धाकटा एकदम खाली वाकला. "मामा!" त्याच्या आवाजातच कळलं. चिखलातून एक गंजलेली, वाकडी सळई डोकावत होती, बोटभर लांबीची. त्याचे डोळे चमकत होते आणि हात खिशाकडे निघाला होता.

"ठेव," ताई म्हणाली.

"पण मला सापडली!"

"म्हणूनच ठेव. हात लावू नकोस, आपण सांगू या."

तो रडकुंडीला आला. मीही आतून त्याच्याच बाजूचा होतो, हे कबूल करतो! दाजी जाऊन उद्यानाच्या रक्षकबाईंना घेऊन आले. त्या आपल्या कामातून उठून आल्या, पण जराही चिडल्या नाहीत. गुडघ्यांवर बसून त्यांनी ती सळई नीट पाहिली आणि धाकट्याला समजावलं, की इथून जुनी वस्तू उचलणं कायद्यानं गुन्हा आहे, धातू शोधायचं यंत्रही आणता येत नाही. वस्तू जिथे पडली असते ती जागाच अर्धी गोष्ट सांगते. पाइप नुसताच सापडला तर तो एक पाइप. पण चुलीच्या राखेजवळ, बटणाशेजारी सापडला, तर कुणीतरी तिथे बसून शेकत होतं, हे कळतं. उचलून घरी नेला की ती गोष्ट कायमची पुसली जाते. अँडरसनव्हिलला लोकांनी आठवण म्हणून पुष्कळ वस्तू नेल्या. इथे मात्र जागाच विसरली गेल्यामुळे जमिनीतलं जमिनीत राहिलं.

"आणि ही?" धाकट्यानं विचारलं.

बाई हसल्या. ती तंबूची मेख होती. कुणा आमच्यासारख्याच कॅम्पिंगवाल्याची, फार तर वीस वर्षांपूर्वीची!

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. पण बाईंनी त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाल्या, विचारलंस ते बरोबर केलंस, दहांतले नऊ जण विचारत नाहीत. ती मेख मात्र त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

दुपारी आम्ही तंबू गुंडाळला. मेखा मोजायचं काम अर्थातच धाकट्याकडे. आणल्या होत्या सोळा, पिशवीत भरल्या पंधरा. दाजी म्हणाले, "जाऊ दे, दोन डॉलरची वस्तू." पण तो ऐकेना. त्यानं वहीत जागेचा नकाशा काढला : टेबल इथे, नळ इथे, तंबूची चार टोकं, दोऱ्या कुठे ताणल्या होत्या ते. मग पाइनच्या सुयांच्या थरात गुडघ्यांवर बसून एकेक टोक चाचपत निघाला. वीस मिनिटं लागली. तिसऱ्या टोकाला, चिखलात पार आत गेलेली सोळावी मेख सापडली.

ती नळाखाली धुऊन त्यानं पिशवीत टाकली आणि आम्ही निघालो. मिलन गाव यायच्या आतच मागच्या सीटवर दोघंही झोपली होती.